नाशकात राहून लेगो जमवायचं तर

तिशी-चाळिशीतली बरीच मंडळी हल्ली विचारतात की लेगो सुरू करायचंय, पहिला सेट कुठला घेऊ, आणि विचारता विचारता फोनवर मिलेनियम फाल्कनचा, म्हणजे स्टार वॉर्समधल्या त्या यानाचा फोटो दाखवतात, तो ७५४१ तुकड्यांचा. माझं उत्तर ठरलेलं आहे, तो नको, अजून नको, पैसे असले तरी नको. डबे जमवणं कुणालाही जमतं, खरी गोडी लागते ती तुकडे ओळखता यायला लागले की, आणि तुकडे ओळखायला एखादा छोटा सेट लागतो जो तुम्ही न घाबरता मोडाल आणि परत जोडाल. घ्यायचं काय, जुना माल तपासायचा कसा, ठेवायचं कुठे, स्वतःचं काही बनवायचं तर सुरुवात कुठून आणि चार माणसांत बसून त्यावर बोलायचं कसं, सगळं याच हिशोबाने लिहितोय.

आधी ते "लहान मुलांचं आहे हे" वगैरे डोक्यातून काढा. कंपनीनेच २०२० पासून मोठ्यांच्या सेटच्या डब्यावर १८+ छापायला सुरुवात केली, काळे डबे, आत फुलं, टाइपरायटर, टायटॅनिक, काय काय. मोठ्या वयाच्या फॅन्सना जगभर एएफओएल, म्हणजे अॅडल्ट फॅन ऑफ लेगो म्हणतात, आणि लहानपणी खेळणं सुटल्यापासून ते परत हातात येईपर्यंतची मधली वर्षं म्हणजे डार्क एजेस. आपल्याकडे बऱ्याच जणांचं लहानपण लेगोवर गेलंच नाही, मेकॅनिक्सच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि तो छोटासा पाना यावर गेलं, त्यामुळे आपल्यासाठी हे सगळं पहिल्यांदाच आहे आणि पायापासून शिकावं लागतं. त्यात काहीही वाईट नाही.

पहिला सेट

माझं मत विचाराल तर क्रिएटर थ्री-इन-वन मधला एखादा छोटा किंवा मध्यम. एकाच डब्यातल्या तुकड्यांतून तीन वेगळी मॉडेल होतात, म्हणजे तुम्हाला पहिलं मोडावंच लागतं, आणि मोडताना कळतं की अरे जो तुकडा मघाशी पंखात होता तोच आता छपराला लागलाय. ही गोष्ट नुसती वाचून समजत नाही, हाताने करावी लागते.

गाड्यांचं वेड असेल तर स्पीड चॅम्पियन्स घ्या, २०१५ ला ही थीम आली आणि २०२० पासून गाड्या ६ स्टडच्या (स्टड म्हणजे तुकड्यावरचे गोल उंचवटे) ऐवजी ८ स्टड रुंद झाल्या, तेव्हापासून त्या खूपच खऱ्यासारख्या दिसतात, एका संध्याकाळी एक होते आणि त्यात तुकडे आडवे लावायच्या युक्त्या ठासून भरलेल्या असतात. घरच्यांना शोकेसमध्ये खेळणी नको असतील तर बोटॅनिकल घ्या, ऑर्किड ६०८ तुकड्यांचं आहे आणि हॉलमध्ये ठेवलं तर कुणी काही म्हणत नाही. त्यातलाच ८७८ तुकड्यांचा बोन्साय २०२१ चा, त्याच्या गुलाबी फुलांकडे जवळ जाऊन बघा, ती फुलं नाहीत, गुलाबी बेडूक आहेत! तोच बेडकाचा तुकडा, फांदीवर बसवला की लांबून फुलोरा. डिझायनरचं डोकं कसं चालतं ते इथे दिसतं.

मॉड्युलर बिल्डिंग, २००७ ला कॅफे कॉर्नरपासून सुरू झालेली ती कोपऱ्यावरच्या घरांची मालिका, सगळ्यांनाच आवडते, मलाही जीव की प्राण आहे, पण ती तिसरा-चौथा सेट म्हणून. आणि थीम एक धरा, फार तर दोन. स्टार वॉर्स पण, टेक्निक पण, सिटी पण, मिनीफिगची, म्हणजे लेगोच्या छोट्या माणसांची पाकिटं पण असं केलं की कपाट भरतं आणि एकाही विषयावर चार वाक्यं धड बोलता येत नाहीत.

तुकडा हातात घेऊन बघा

आता मुख्य मुद्दा. सगळ्यात साधी ब्रिक घ्या, २ बाय ४, वर आठ स्टड. स्टडवर बारीक अक्षरांत लेगो कोरलेलं असतं, प्रत्येक स्टडवर. उलटी करा, आत तीन नळ्या दिसतील. स्टड या नळ्यांच्या आणि भिंतीच्या मधे अडकतात, म्हणून पकड बसते, आणि या आतल्या नळ्यांवाल्या रचनेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ ला डेन्मार्कमध्ये दाखल झालं. तेव्हाची ब्रिक आजच्या ब्रिकवर बसते. उजेडात धरून आत नीट बघितलं तर बारीक नंबर पण सापडतो, ३००१, हा या आकाराचा नंबर. १ बाय २ ची ब्रिक ३००४, १ बाय १ ची ३००५, १ बाय १ ची प्लेट, म्हणजे चपटा तुकडा, ३०२४. दहा-पंधरा नंबर हळूहळू आपोआप तोंडपाठ होतात, मुद्दाम घोकायची गरज नाही, पण नंबर असतो हे माहीत पाहिजे कारण पुढे एखादा हरवलेला तुकडा शोधायचा, मागवायचा किंवा कुणाला सांगायचा तर "तो छोटा चपटा राखाडी" असं सांगून काहीच होत नाही.

मग मापं. दोन शेजारच्या स्टडच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर. ब्रिकची उंची ९.६, प्लेटची ३.२, म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ब्रिक. इथपर्यंत सगळ्यांना लवकर कळतं. पण आता पाच प्लेट एकावर एक लावा, उंची झाली १६ मिलिमीटर, आणि २ स्टडची रुंदी पण १६. तो पाच प्लेटचा ठोकळा आडवा करून दोन स्टड रुंदीच्या ब्रिकशेजारी धरा आणि वरून बोट फिरवा, कड लागत नाही. बास, या एका हिशोबावर आडवं बांधकाम उभं आहे, ज्याला मंडळी स्नॉट म्हणतात, म्हणजे स्टड वर न ठेवता बाजूला किंवा खाली वळवून बांधणं. गाडीचे गुळगुळीत दरवाजे, घराच्या खिडकीची चौकट, सगळं यातून येतं. सहा २ बाय ४ ब्रिक एकाच रंगाच्या घेतल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात हा आकडा तुम्ही कुठेतरी वाचला असेल, तो खरा आहे, पण मला विचाराल तर पाच प्लेट बरोबर दोन स्टड हे कळणं त्याहून जास्त कामाचं आहे.

सेट बांधताना म्हणून घाई करू नका. पुस्तिकेत एखादी विचित्र पायरी आली, मधेच एक तुकडा उलटा लावायला सांगितला, की थांबून अंदाज करा हा कशासाठी असेल. पंधरा पायऱ्यांनी उत्तर मिळतं आणि ते उत्तर डोक्यात राहतं. तुकडे वेगळे करायला ब्रिक सेपरेटर वापरा, मोठ्या सेटमध्ये मिळतो, दातांनी अजिबात नाही, दाताचे व्रण कायमचे राहतात. स्टिकर चिमट्याने लावा, बोटाने लावले की वाकडे जातात आणि कोपऱ्यात धूळ धरतात.

विकत घेताना

आपल्याकडे लेगो महाग का, तर इथे बनत नाही. शिवाय २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम्स ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं सर्टिफिकेट सक्तीचं झालं. म्हणून परदेशी व्हिडिओत डॉलरची किंमत ऐकून रुपयांत गुणाकार करून हळहळत बसू नका, इथला एमआरपी बघा आणि त्यावर किती सूट आहे ते बघा. ऑनलाइन दिवाळीच्या आधीचे सेल बरे असतात. सेट तीन-चार महिने नजरेखाली ठेवा, किंमत वरखाली होताना दिसते. मोठी दुकानं हाताळून बघायची तर मुंबई, सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची आणि संध्याकाळी परत, मोठा डबा असेल तर परतीला रिझर्व्हेशन असलेलं बरं. इथे कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि मेन रोडच्या खेळण्यांच्या दुकानांत अधूनमधून डोकवा, जुना, बंद झालेला सेट कधीकधी वरच्या फळीवर जुन्याच किमतीत पडलेला असतो, दुकानदाराशी ओळख ठेवली तर तो स्वतः फोन करतो.

एका तुकड्याला किती रुपये पडले हा हिशोब सगळे करतात, करा, पण त्यावर डोळे मिटून जाऊ नका. वर्ल्ड मॅप नावाचा सेट आहे ११,६९५ तुकड्यांचा, आकडा ऐकून डोळे फिरतात, पण त्यात बहुतेक सगळे १ बाय १ चे गोल बारके तुकडे आहेत, भिंतीवर नकाशा म्हणून सुंदर, पण मोडून दुसरं काही बांधायला त्याचा उपयोग किती? त्यापेक्षा निम्म्या तुकड्यांच्या घरात खिडक्या, कमानी, उतरती कौलं मिळतात. तुमच्या कामाचे तुकडे कुठले ते आधी ठरवा, मग भागाकार.

गुंतवणूक म्हणून सील्ड डबे घेऊन ठेवणारे पण भेटतील. माझ्या मते हा मार्ग धरू नये. ताजमहालचं उदाहरण घ्या, २००८ चा सेट, ५९२२ तुकडे, बंद झाल्यावर किंमत आकाशाला भिडली होती, आणि २०१७ मध्ये कंपनीने तोच जवळपास जसाच्या तसा नव्या नंबरने परत काढला, जुन्याचे भाव खाली आले. ज्यांनी उघडून बांधला होता त्यांचं काहीच गेलं नाही.

आणि नकली माल. दुसऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या डिझाइनच्या ब्रिक असतात त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मूळ ब्रिकची पेटंटं कधीच संपलीत आणि काहींची क्वालिटी छान असते. पण दुसऱ्याचा सेट जसाच्या तसा कॉपी करून, डब्यावरचा फोटो पण चोरून विकणं ही वेगळी गोष्ट, चीनमध्ये लेपिन या नकली सेट काढणाऱ्या कंपनीवर २०१९ ला पोलिसांनी धाड टाकली ती याच कारणाने. घेऊ नका. घेतलंच असेल तर निदान विकताना किंवा बदलताना खरं सांगा, अस्सलमध्ये मिसळून देऊ नका, समोरच्याला सगळा ढीग परत वेचावा लागतो.

जुना माल तपासणं आणि धुणं

सेकंड हँड हा नाशिकमधला सगळ्यात चांगला मार्ग आहे असं मला वाटतं, कारण मुलं बारावीला गेली किंवा बाहेरगावी शिकायला गेली की माळ्यावरची खेळणी निघतात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवाळीच्या साफसफाईच्या आधी एक मेसेज टाकून ठेवा, "लेगोचे सुटे तुकडे असतील तर घेईन, डबा-पुस्तिका नसली तरी चालेल." गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या घाटावर, बुधवारच्या बाजारात पण जुन्या सामानाच्या ढिगात नजर टाकायला काय जातं, मिळेलच असं नाही.

पिशवी समोर आली की चार मूठ बाहेर काढून पांढऱ्या कागदावर पसरा. पहिलं, स्टडवर नाव आहे का. दुसरं, पांढरे तुकडे किती पिवळे पडलेत, उन्हाने पडतात, आणि ते हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवून गोरे करतात हे खरं असलं तरी पुढे परत पिवळे पडू शकतात, त्यापेक्षा भिंतीच्या आत न दिसणाऱ्या भरावाला वापरा. तिसरं, तांबूस तपकिरी तुकडे. साधारण २००० च्या दशकातले हे तपकिरी आणि गडद लाल तुकडे ठिसूळ असतात, खास करून क्लिपवाले, जरा दाबलं की कट्. विकणाऱ्याचा त्यात दोष नसतो, पण भाव करताना ते मोजू नका. चौथं, राखाडी रंग. २००४ च्या सुमाराला कंपनीने राखाडी बदलला, जुना जरा मातकट, नवा निळसर. दोन्ही शेजारी ठेवले की लगेच कळतं, आणि पिशवीत जुना राखाडी जास्त असेल तर समजायचं की हा माल वीस वर्षांच्या वरचा, त्यात जुन्या गाड्यांचे, किल्ल्यांचे तुकडे निघायची शक्यता. मला स्वतःला पिशवी उघडल्यावरची ही पाच मिनिटं फार आवडतात, कुणी कधी घेतलं असेल, पोरगं काय खेळलं असेल, सगळं तुकड्यांवरून वाचता येतं.

धुवायला कोमट पाणी, ४० अंशांच्या वर नाही, भांडी घासायचं लिक्विड थोडंसं. फ्रिजमध्ये भाजी ठेवायच्या जाळीच्या पिशव्या असतात त्यात भरून बादलीत हलवायचं, वॉशिंग मशीन नको, मोटर-लाइटवाले आणि स्टिकरवाले तुकडे आधी बाजूला काढा, ते ओल्या फडक्याने पुसायचे. वाळवायचं पंख्याखाली जुन्या टॉवेलवर. गच्चीत एप्रिल-मेच्या उन्हात पसरू नका, आपलं ऊन काय आहे ते माहितीये.

ठेवायचं कसं

आकाराप्रमाणे वेगळं करा, रंगाप्रमाणे नाही. सुरुवातीला सगळे रंगाप्रमाणे करतात कारण दिसायला छान दिसतं, पण काळ्या तुकड्यांच्या डब्यात काळी १ बाय १ ची प्लेट शोधून दाखवा, हात काळोखात चाचपडतो. उलट सगळ्या रंगांच्या १ बाय १ प्लेट एका डब्यात असल्या की काळी पटकन डोळ्यात भरते. स्वयंपाकघरात आपण डाळी, मसाले, पिठं असं लावतो, पिवळं एकीकडे आणि लाल एकीकडे असं नाही लावत, तसंच. सुरुवातीला सात-आठ डबे पुरतात, ब्रिक, प्लेट, गुळगुळीत टाइल, उतार, कमानी-खिडक्या, टेक्निकचे गिअर-दांडे, माणसं आणि त्यांचं सामान, आणि एक "हे काय आहे कळत नाही" चा. डब्यांसाठी खेळण्यांच्या दुकानात जाऊ नका, सातपूर-अंबड भागात हार्डवेअरवाल्यांकडे नट-बोल्ट ठेवायचे प्लास्टिकचे बिन मिळतात, एकमेकांवर बसतात, स्वस्त आणि दणकट.

पावसाळ्यात तुकड्यांना काही होत नाही, पण डबे आणि पुस्तिका खराब होतात, दमटपणाने पुठ्ठा मऊ पडतो, बुरशी धरते. पुस्तिका झिपलॉकमध्ये, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवायचं नाही. जे सराफ बाजार, भांडी बाजाराकडे तळमजल्याला राहतात त्यांना तर सांगायलाच नको, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पुराचं पाणी लागलं की काय काय वर उचलावं लागतं ते त्यांना पाठ आहे, कलेक्शन पहिल्यापासून वरच ठेवा. पुस्तिका गेलीच तरी रडू नका, बहुतेक सेटच्या पुस्तिका कंपनीच्या साइटवर फुकट मिळतात.

धुळीसाठी काचेचं कपाट सगळ्यात उत्तम, नसेल तर मऊ मेकअप ब्रश. पश्चिमेच्या खिडकीसमोर पांढरं मॉडेल ठेवू नका.

स्वतःचं बनवायचं तर

पुस्तिकेशिवाय स्वतःच्या डोक्याने केलेल्या मॉडेलला मॉक म्हणतात. इथे माझा आग्रह आहे, आपलं गाव करा. पॅरिसचा कॅफे आणि न्यू यॉर्कचं फायर स्टेशन कंपनी करतेच आहे, गंगाघाट कोण करणार?

सुरुवात होळकर पुलापासून करा, १८९५ चा दगडी कमानींचा पूल, कारण कमानीचे तयार तुकडे मिळतात आणि एक कमान जमली की तीच परत परत करायची आहे. साधी राखाडी ब्रिक एकसारखी लावली तर ती सिमेंटची भिंत दिसते, दगड दिसत नाही. त्यासाठी ९८२८३ नंबरची १ बाय २ ब्रिक बघा, तिच्या एका बाजूला चिऱ्यांच्या बांधकामासारख्या खाचा असतात, दर चार-पाच साध्या ब्रिकमागे एक ही टाका, फिकट राखाडीत मधेमधे गडद राखाडी आणि थोडा मातकट जुना राखाडी, आणि पाण्याच्या रेषेजवळ एखाद-दुसरा शेवाळी हिरवा. लगेच जीव येतो. सगळीकडे खाचांची ब्रिक लावू नका, डोळ्याला गजबज होते.

मग काळाराम. अठराव्या शतकाच्या शेवटी सरदार ओढेकरांनी बांधलेलं काळ्या दगडाचं देऊळ. इथे एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा, काळ्या दगडाचं आहे म्हणून काळे तुकडे वापरायचे नाहीत. काळ्या प्लास्टिकवर सावली दिसत नाही, शिखराचं सगळं कोरीव काम एक काळा डाग होऊन बसतं. गडद निळसर राखाडी घ्या आणि फक्त खोल कोनाड्यांत काळा वापरा, फोटोत ते बरोबर काळाराम दिसतं. शिखरासाठी बारके उतार, ज्यांना मंडळी चीज स्लोप म्हणतात, आणि १ बाय १ चे गोल तुकडे आडवे लावून. आणि नुसतं शिखर करून थांबू नका, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० चा सत्याग्रह झाला तो या देवळाच्या दरवाजांसमोर, दरवाजे आणि भोवतालची भिंत हव्यातच.

माप ठरवताना मिनीफिग, म्हणजे १९७८ पासूनचा तो छोटा माणूस, उभा करून बघा, साधारण ४ ब्रिक उंच. वाड्याचा दरवाजा त्याच्या डोक्यावरून जायला हवा, म्हणजे ६ ब्रिक तरी. वाडा करायचा असेल तर पूर्ण वाडा एकदम नको, रस्त्याकडचा फक्त दर्शनी भाग, लाकडी खांब, वरची सज्जाची पट्टी, एक ओटा. खांबांना ठिसूळ तपकिरी वापरू नका, वजन येतं तिथे, नवे घ्या.

आधी कम्प्युटरवर करून बघायचं तर ब्रिकलिंकचं स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात तुकडे संपत नाहीत आणि शेवटी किती कुठला तुकडा लागेल याची यादी पण देतं. ब्रिकलिंक हा सुट्या तुकड्यांचा जगातला सगळ्यात मोठा बाजार, २००० मध्ये एका हौशी माणसाने सुरू केलेला, २०१९ ला लेगो कंपनीने विकत घेतला. तिथे भारतातले विक्रेते आहेत का ते आधी बघा. परदेशातून मागवायचंच झालं तर पोस्टेज आणि कस्टम्स धरून हिशोब करा आणि तीन-चार जणांनी मिळून एकच ऑर्डर द्या, एकट्याच्या पन्नास तुकड्यांना ते परवडत नाही. तुमच्याकडच्या सेटमधून दुसरं काय बनेल हे बघायला रिब्रिकेबल ही साइट, आणि कुठला सेट कधी आला, कधी बंद झाला हे बघायला ब्रिकसेट.

बोलायचं कसं

या छंदातली निम्मी मजा बोलण्यात आहे आणि तीच बरेचदा वाया जाते, कारण गप्पा "केवढ्याला पडला" इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात. किंमत विचारा की, पण शेवटी. आधी विचारा, हा कोपरा कसा वळवला? आतून कशाने धरलंय? याच्यात सगळ्यात अवघड पायरी कुठली होती? ज्याने बांधलंय तो खुलतो आणि तुम्हाला एक युक्ती फुकट मिळते.

कुणाच्या मॉकमध्ये काही खटकलं तर तुकड्याबद्दल बोला. "बरोबर नाही वाटत" याला काही अर्थ नाही, "ही कमान जरा जाड वाटते, एक प्लेट कमी करून बघ" हे बोलणं. आणि जे आवडलं ते पण नेमकं सांगा, छान, मस्त, लय भारी याच्या पुढे जाऊन. नवीन आलेला माणूस दोन गाड्या घेऊन आला असेल आणि बाजूला कुणाचं आख्खं कपाट भरलेलं असेल तरी दोघांचं सारखंच ऐकून घ्यायचं, माझ्यासाठी हा नियम पक्का आहे. आणि जुना सेट कुणी हौसेने दाखवत असेल तर "हा आता कितीला जातो माहितीये का" म्हणून त्याला विकायच्या गोष्टी सुचवू नका.

फोटो काढून पाठवायचा असेल तर सेटचा नंबर लिहा, मागे साधी चादर किंवा कार्डशीट, दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद, कारण प्लास्टिकवर चकाकी येते. एक फोटो समोरून, एक मागून. मागचा फोटो लोक टाकत नाहीत आणि शिकायला तोच लागतो.

प्रत्यक्ष भेटा मात्र. पाच-सहा जण पुरतात, कुणाच्या तरी घरी रविवारी सकाळी मिसळ खाऊन झाल्यावर, हात धुऊन, कारण तर्रीचे डाग पांढऱ्या प्लेटवर बसले की बसले. नुसतं एकमेकांचं बघून निघून जाण्यापेक्षा काहीतरी एकत्र करा. एक प्रकार फार रंगतो, सगळ्यांनी एकच सेट आणायचा, उदाहरणार्थ क्लासिकचा १०६९६, ४८४ तुकड्यांचा, आणि दोन तासांत त्यातूनच एक विषय बांधायचा, रिक्षा म्हणा, द्राक्षाचा मांडव म्हणा, नाशिक ढोल म्हणा. तुकडे सगळ्यांकडे तेच, तरी पाच माणसांचे पाच ढोल वेगळे निघतात, आणि मग चर्चा आपोआप सुरू होते की तू गोलाई कशी आणलीस, मी तर कडेला उतार लावून बघितला. ढोलाच्या दोऱ्या कशाच्या करायच्या यावर तर वाद होतो, चांगला वाद.

अदलाबदलीसाठी प्रत्येकाने जास्तीचे तुकडे छोट्या पिशवीत आणायचे, पिशवीवर नंबर आणि नग लिहून. तुकड्याला तुकडा असा काटेकोर हिशोब ठेवू नका, पण दुर्मिळ मिनीफिग असेल तर आधी दोघांनी किंमत बघून मग ठरवा, नंतर मनात राहायला नको. लहान मुलं सोबत आली तर त्यांना वेगळा एक डबा द्या, मोठ्यांच्या मॉडेलना हात लावू नको म्हणून दिवसभर ओरडत बसण्यापेक्षा ते बरं, आणि तीन वर्षांच्या खालचं मूल असेल तर खाली जमिनीवर बारके तुकडे राहणार नाहीत हे यजमानाने बघायचं, तोंडात जातात.

मॉडेल घेऊन जायचं असेल तर बाइकवर नको. बांधतानाच ते दोन-तीन भागांत सुटेल असं ठेवा, मॉड्युलरमध्ये मजले वरचेवर उचलता येतात तसं, भाग वेगवेगळ्या खोक्यांत, मोकळ्या जागेत जुने टी-शर्ट कोंबून, बबल रॅप थेट अँटेना-झेंड्यांवर गुंडाळू नका, तेच आधी तुटतात. रिक्षात बसलात तर खोका मांडीवर घ्या, द्वारका चौकातले खड्डे मागच्या जागेवर ठेवलेल्या खोक्याला सोडत नाहीत. आणि निघायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, तिथे पोचल्यावर एखादा तुकडा सुटलेला निघाला तर तो कुठला ते फोटोत बघून दोन मिनिटांत परत बसतो.